सोळा हजार पाचशे: जुना डीएनए, एक सेटिंग आणि कचारगड

माघ पौर्णिमा जवळ आली की माझ्या फोनवर दोन प्रकारचे फॉरवर्ड येतात. पहिल्यात लिहिलेलं असतं की हडप्पाचे लोक गोंडच होते आणि हे आता डीएनएने सिद्ध झालं आहे. दुसऱ्यात, त्याच डीएनएच्या जोरावर, नेमकं उलटं काहीतरी सिद्ध झालेलं असतं. दोन्हींच्या खाली एकाच संशोधनाचं नाव असतं: राखीगढी.

माझं गाव गोंदिया जिल्ह्यातलं, आमगावकडचं. मी गोंड नाही, पण शाळेपासून इंजिनिअरिंगपर्यंतचे अर्धे मित्र गोंड आहेत. सध्या पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि काम आहे जनुकीय माहिती हाताळणाऱ्या प्रोग्रामांचं. त्यामुळे गावाकडचा एक मित्र दर वर्षी विचारतो, "सांग ना बे, तुझं सॉफ्टवेअर काय म्हणते?"

प्रश्न साधा आहे. उत्तर द्यायचं तर आधी सांगावं लागतं की सॉफ्टवेअर स्वतःहून काही म्हणत नाही. त्याला काही आकडे द्यावे लागतात. कुठला तुकडा ओळखीचा मानायचा आणि कुठला फेकून द्यायचा, हे त्या आकड्यांवर ठरतं. हा लेख त्या आकड्यांचा इतिहास आहे. आणि तो कचारगडाशी कसा जोडला जातो, याचाही.

गुहा आणि शिळा

गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर दरेकसा नावाचं छोटं स्टेशन आहे. सालेकसा तालुक्यातला हा भाग डोंगराचा आणि दाट जंगलाचा. धनेगावहून चढत गेलं की कचारगडची गुहा लागते. गुहा प्रचंड आहे आणि तिच्या छताला भगदाड असल्यामुळे वरून उजेड आत उतरतो. माघ पौर्णिमेला इथे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा अशा कितीतरी ठिकाणांहून गोंड लोक येतात. सप्तरंगी झेंडे असतात, "जय सेवा"चा घोष असतो आणि डोक्यावर सामान घेऊन चढणाऱ्या म्हाताऱ्या बायाही असतात.

इथे सांगितली जाणारी कथा अशी. काली कंकालीची तेहेतीस मुलं शंभूने या गुहेत कोंडली आणि तोंडावर मोठी शिळा लावली. जंगो रायताडला त्यांची दया आली. पारी कुपार लिंगोने त्यांना सोडवायचं ठरवलं. हिरासुका पाटालीर नावाच्या वादकाने किंगरी वाजवली, त्या सुरांनी आतल्या मुलांना बळ आलं, त्यांनी शिळा ढकलली. शिळा हलली, पण तिच्याखाली हिरासुका चिरडला गेला. सुटलेल्या मुलांना लिंगोने शिकवलं, सगा आणि कुळं बांधून दिली. गोंडांमध्ये कोणाचं लग्न कोणाशी होऊ शकतं, हे आजही या सगा-व्यवस्थेवर ठरतं.

हीच कथा कागदावर मात्र वेगळी उतरली आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५मध्ये नागपूरला आला. त्याने एका परधानाकडून लिंगोची गाथा गोंडीत उतरवून घेतली. परधान म्हणजे गोंडांचे गाथा गाणारे, कुळांच्या आठवणी सांभाळणारे लोक. हिस्लॉप १८६३मध्ये बुडून वारला. त्याची टिपणं मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६मध्ये छापली. त्या गाथेत कोंडणारा महादेव आहे. एका खारीच्या मागे धावत गोंड गुहेत शिरतात आणि महादेव तोंड बंद करतो. फक्त चार जण निसटतात, ते काचीकोपा लोहागड नावाच्या ठिकाणी जाऊन राहतात. पुढे जेम्स फोर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८७१च्या पुस्तकात हीच गाथा आटोपशीर करून इंग्रजी पद्यात घातली, तीही एका अमेरिकन महाकाव्याच्या चालीवर.

विसाव्या शतकाच्या शेवटी नागपूरच्या मोतीरावण कंगाली यांनी (१९४९–२०१५) गोंडी बाजूने ही परंपरा नव्याने लिहिली. गोंडी भाषा, पुनेम दर्शन आणि देवस्थानं यांवर त्यांनी आयुष्यभर काम केलं. आजच्या कचारगड यात्रेच्या उभारणीत त्यांचा आणि त्यांच्या सोबत्यांचा मोठा वाटा आहे. कंगालींनी आणखी एक दावा केला: सिंधू लिपी गोंडीत वाचता येते. फोनवर येणारे फॉरवर्ड इथून सुरू होतात.

आता या कथा शेजारी शेजारी ठेवा. गुहा, शिळा, कोंडलेले लोक, सोडवणारा लिंगो हे जुळतं. कोंडलेल्यांची संख्या, कोंडण्याचं कारण, गुहेचं नाव जुळत नाही. माणूस हे बघून लगेच म्हणतो, "एकच कथा आहे, रूपं वेगळी." पण समजा हे काम मशीनला दिलं आणि नियम घातला की सुरुवातीचं स्थळाचं नाव तंतोतंत जुळलं तरच पुढे बघ. मशीन सांगेल, या दोन कथांचा काही संबंध नाही. पुढची चाळीस वाक्यं कितीही जुळोत, ती ते वाचणारच नाही.

जुन्या डीएनएच्या बाबतीत बरीच वर्षं साधारण असंच होत होतं.

तुकडे जागेवर बसवणे

माणसाचा जीनोम म्हणजे ए, सी, जी, टी या चार अक्षरांत लिहिलेला सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा मजकूर. सिक्वेन्सिंग मशीन तो सलग वाचत नाही, त्याचे लाखो-करोडो लहान तुकडे वाचतं. एका तुकड्याला 'रीड' म्हणतात. हे तुकडे आधीपासून तयार असलेल्या एका नमुना जीनोमवर आपापल्या जागी बसवायचे असतात. त्या नमुन्याला 'रेफरन्स' म्हणतात, आणि बसवण्याच्या कामाला 'मॅपिंग' किंवा 'अलाइनमेंट'.

दोन मजकूर कसे जुळवायचे याचं गणित जुनं आहे. सॉल नीडलमन आणि क्रिश्चियन वुन्श यांनी १९७०मध्ये दोन क्रम टोकापासून टोकापर्यंत जुळवायची पद्धत दिली. १९८१मध्ये टेंपल स्मिथ आणि मायकेल वॉटरमन यांनी दोन क्रमांमधला सर्वांत चांगला जुळणारा भाग शोधायची पद्धत दिली. दोन्हींचं तत्त्व एक आहे: अक्षर जुळलं की गुण मिळवा, चुकलं की गुण कापा, मध्ये अक्षर गळलं किंवा घुसलं तर आणखी कापा. शेवटी ज्या मांडणीला सगळ्यांत जास्त गुण, ती बरोबर. म्हणजे किती गुण कापायचे हे कोणीतरी ठरवलं की मगच उत्तर निघतं. 'सेटिंग' हा प्रकार इथे पहिल्या दिवसापासून आहे.

अडचण वेगाची होती. कोट्यवधी तुकडे तीनशे कोटी अक्षरांवर असे एकेक करून जुळवायचे तर जन्म पुरणार नाही. २००९मध्ये इंग्लंडच्या सँगर इन्स्टिट्यूटमधल्या हेंग ली आणि रिचर्ड डर्बिन यांनी बीडब्ल्यूए नावाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला. त्याच्या मुळाशी मायकेल बरोज आणि डेव्हिड व्हीलर यांनी १९९४मध्ये मांडलेली युक्ती आहे, जी खरं तर फाइल लहान करण्यासाठी शोधली होती. तिच्यामुळे आख्ख्या जीनोमची अशी सूची करता येते की एखादा तुकडा त्यात कुठे आहे हे चटकन सापडतं.

वेग वाढवण्यासाठी त्यात आणखी एक सोय आहे, 'सीड'. आपण त्याला बियाणं म्हणू. प्रोग्राम रीडची पहिली ३२ अक्षरं घेतो. त्यात दोनपेक्षा जास्त चुका निघाल्या तर ती जागा तिथेच सोडून देतो. जिवंत माणसाच्या ताज्या रक्तातल्या डीएनएसाठी हा नियम झकास आहे. तिथे रीडची सुरुवात सहसा स्वच्छ असते.

टोकाला झिजलेली अक्षरं

हजारो वर्षं जमिनीत पडलेल्या हाडाची गोष्ट वेगळी असते. त्यातला डीएनए तुटून तुकडे होतात, बहुतेक तीस ते सत्तर अक्षरांचे. त्यात मातीतल्या जिवाणूंचाच डीएनए जास्त असतो. शिवाय एक रासायनिक झीज होते: सी हे अक्षर बदलतं आणि मशीनला ते टी म्हणून दिसतं. तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला त्याचंच प्रतिबिंब म्हणून जीच्या जागी ए दिसतं. ही झीज सगळ्यांत जास्त होते ती तुकड्याच्या टोकांवर.

आता बियाण्याचा नियम आठवा. प्रोग्राम सुरुवातीची ३२ अक्षरं तपासतो, आणि जुन्या डीएनएत सगळ्यांत खराब भाग सुरुवातच असते. तुकडा अस्सल प्राचीन माणसाचा असतो, पण प्राचीन असल्याच्या खुणेमुळेच तो बाद होतो.

२०१२मध्ये मिकेल शुबर्ट आणि सहकाऱ्यांनी यावर पेपर लिहिला. प्राचीन डीएनए आधुनिक रेफरन्सवर बसवताना कुठली सेटिंग बदलावी, हाच त्याचा विषय. मुख्य सल्ला सोपा होता: बियाणं बंद करा. बीडब्ल्यूएमध्ये त्यासाठी वेगळं बटण नाही. मग युक्ती अशी की बियाण्याची लांबीच इतकी मोठी द्यायची की कुठलाही रीड तेवढा लांब नसेल. कोणी १०२४ देतं. हार्वर्डच्या डेव्हिड राइख यांच्या प्रयोगशाळेच्या पेपरांत हा आकडा १६,५०० असतो. पन्नास अक्षरांच्या तुकड्यात सोळा हजार पाचशे अक्षरांचं बियाणं सापडणार कुठून? म्हणून प्रोग्राम ती पायरीच सोडून देतो आणि पूर्ण तुकडा बघतो.

त्याच ओळीत आणखी दोन आकडे असतात. एक आहे ०.०१. डिफॉल्ट ०.०४ असतो आणि तेव्हा ३८ अक्षरांच्या तुकड्यात तीन फरक चालतात. हा आकडा कमी केला की सहनशीलता वाढते, कमी होत नाही. कारण तो सांगतो की खरे तुकडे किती प्रमाणात निसटले तर चालतील. नव्या माणसाला हे हमखास उलटं वाटतं. दुसरा आकडा २, म्हणजे मधली गळती किंवा घुसखोरी एका जागी नाही तर दोन जागी चालेल.

मी जुन्या डीएनएच्या खुल्या फाइलींवर हे दोन्ही प्रकारे चालवून बघितलं आहे. बियाणं बंद केलं की काम रेंगाळतं, लॅपटॉपचा पंखा ओरडायला लागतो, पण टोकं झिजलेले कितीतरी तुकडे आपापल्या जागी बसतात.

मग सगळीच दारं उघडी का ठेवू नयेत? कारण फरक फार चालवून घेतले की जिवाणूंचे तुकडेही माणसाच्या जीनोमवर कुठेतरी बसतात. तीस अक्षरांचा मजकूर योगायोगानेही जुळू शकतो. म्हणून फार आखूड तुकडे काढून टाकतात आणि जागेबद्दल खात्री नसलेलेही. कडक राहिलो तर खरे हरवतात, सैल झालो तर खोटे शिरतात. यातून कायमची सुटका करणारा आकडा नाही.

राखीगढीचं एक हाड

राखीगढी हरियाणातल्या हिसार जिल्ह्यात आहे, पण तिथल्या दफनभूमीचं उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केलं, वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली. तिथले उन्हाळे आणि पावसाळे डीएनएचे शत्रू. ६१ नमुने तपासले, त्यांपैकी एकाच व्यक्तीत कामाचा डीएनए मिळाला. ती बहुधा स्त्री होती. त्या एका नमुन्यापासून शंभराहून जास्त वेळा डीएनए तयार करून वाचावा लागला. एवढं करून बारा लाखांच्या आसपास ठरलेल्या जागांपैकी एकतीस हजारांच्या आसपास जागांची माहिती हाती आली.

इतकी कमी माहिती असते तेव्हा एकेका तुकड्याला किंमत असते. बियाण्याचं सेटिंग तेव्हा तांत्रिक बारकावा राहत नाही.

सप्टेंबर २०१९मध्ये हे संशोधन 'सेल'मध्ये आलं. निष्कर्ष असा: या स्त्रीत इराणकडच्या प्राचीन लोकांशी नातं सांगणारा वारसा आहे, दक्षिण आशियातल्या प्राचीन शिकारी लोकांचा वारसा आहे, पण गवताळ स्टेप प्रदेशातल्या पशुपालकांचा वारसा नाही. एकाच व्यक्तीवर एवढं कसं म्हणता येईल? संशोधकांकडे ताळा करायला आणखी अकरा व्यक्ती होत्या: तुर्कमेनिस्तानातल्या गोनूर आणि इराणमधल्या शहर-ए-सोख्ता इथे पुरलेल्या, स्थानिकांपेक्षा वेगळ्या आणि राखीगढीच्या स्त्रीशी जुळणाऱ्या. म्हणजे निष्कर्ष एका सेटिंगवर तोललेला नव्हता.

त्याच सुमारास 'सायन्स'मध्ये ५२३ प्राचीन व्यक्तींवरचा मोठा पेपर आला. लेखकांमध्ये काही नावं दोन्हीकडे होती, शिंदे आणि राइख धरून. त्यात म्हटलं होतं की स्टेपचा वारसा दक्षिण आशियात इसवीसनपूर्व २००० ते १५००च्या दरम्यान आला. दोन्ही एकत्र वाचले तर चित्र सुसंगत आहे. पण टीव्हीवर एकच वाचला गेला, तोही अर्धा. तेव्हापासून फॉरवर्ड फिरतायत.

नमुना कोणाचा?

आतापर्यंत रेफरन्स हा शब्द मी सहज वापरला. पण तो कोणाचा आहे?

मार्च १९९७मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या वृत्तपत्रात एक जाहिरात आली: जीनोम प्रकल्पासाठी रक्तदाते हवेत. जे आले त्यांतल्या एका अनाम पुरुषाचा डीएनए नंतर सगळ्यात जास्त वापरला गेला. जगभर वर्षानुवर्षं वापरल्या गेलेल्या मानवी रेफरन्सचा सुमारे ७० टक्के भाग त्या एका माणसाचा आहे. राखीगढीच्या स्त्रीचे तुकडेही शेवटी तशाच नमुन्यावर बसवले गेले.

यातून एक सूक्ष्म कल निर्माण होतो. समजा एका जागी रेफरन्समध्ये जी आहे आणि तुमच्यात ए आहे. तुमच्या तुकड्यात आधीच झिजेच्या दोन-तीन चुका आहेत. हा खरा फरक धरून एक चूक वाढली, मर्यादा ओलांडली, तुकडा बाद. तुमच्या शेजाऱ्याचा तेवढाच झिजलेला तुकडा, रेफरन्ससारखा असल्यामुळे, टिकला. २०१९मध्ये टॉर्स्टन ग्युंथर आणि कार्ल नेटेलब्लाड यांनी दाखवलं की प्राचीन माणसांच्या अभ्यासात हा कल खरोखर असतो आणि निष्कर्षांना थोडा ढकलू शकतो. नमुन्यापासून जो जितका वेगळा, त्याचं वेगळेपण तितकं कमी दिसतं.

म्हणून २०२३मध्ये ४७ व्यक्तींच्या जीनोमांपासून बनवलेला 'पॅनजीनोम' आला: एका सरळ रेषेऐवजी फाटे फुटलेला रस्ता. भारतातही जीनोमइंडिया प्रकल्पात दहा हजार लोकांचे जीनोम वाचले गेले. नमुन्यात आपण असलो की आपले तुकडे फेकले जाण्याची शक्यता कमी होते.

मित्राला दिलेलं उत्तर

तर हडप्पाचे लोक गोंड होते का?

२०१७मध्ये ग्यानेश्वर चौबे आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या भागांतल्या चार गोंड गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्या गोंड गटांचा वारसा सामाईक आहे, हे त्यात दिसलं. आणखी एक गोष्ट दिसली: गोंडी ही द्राविडी भाषा, पण गोंडांचं जनुकीय नातं इतर द्राविडी भाषकांपेक्षा मुंडा भाषा बोलणाऱ्यांशी जास्त आहे. म्हणजे भाषेची वाट आणि रक्ताची वाट या एकच नव्हेत. मग राखीगढीच्या हाडावरून तिथल्या मुद्रांवरची भाषा कशी वाचणार? डीएनएत लिपी नसते. कंगालींचं वाचन बरोबर की चूक हे भाषाशास्त्रानेच तपासावं लागेल. सिंधू लिपीचं कुठलंच वाचन आजवर अभ्यासकांमध्ये सर्वमान्य झालेलं नाही, त्यांचंही नाही.

आणि सिंधू संस्कृतीच्या लोकांचा वारसा? 'सायन्स'मधल्या पेपरनुसार तो कमी-अधिक प्रमाणात आज दक्षिण आशियातल्या बहुतेकांमध्ये आहे. मित्रामध्ये असेल, माझ्यामध्येही असेल. "फक्त आमचाच" असं म्हणायला तो कोणालाही परवानगी देत नाही, आणि "तुमचा नाहीच" असं म्हणायलाही नाही.

मित्र यावर म्हणाला, "म्हणजे आमची कथा खोटी?" हा प्रश्न मला फॉरवर्डपेक्षा गंभीर वाटतो.

अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या तळाशी हवासुपाई लोक राहतात. आपण इथलेच, ही त्यांची श्रद्धा. १९९०पासून त्यांनी मधुमेहाच्या संशोधनासाठी म्हणून रक्त दिलं. पुढे त्याच रक्तावर त्यांना न विचारता इतर अभ्यास झाले, त्यांचे पूर्वज कुठून आले याचेही. त्यांनी कोर्टात दाद मागितली. २०१०मध्ये विद्यापीठाने भरपाई दिली आणि रक्ताचे नमुने परत केले. त्यांचा झगडा गणिताशी नव्हता. आमच्या रक्ताला कोणता प्रश्न विचारायचा हे आम्हाला न विचारता ठरवलं, हा होता.

कचारगडाची कथा तेहेतीस मुलांच्या डीएनएबद्दल काही सांगत नाही. ती सांगते की कोंडलेले लोक बाहेर आले, त्यासाठी एका वादकाने जीव दिला, आणि बाहेर आल्यावर त्यांनी एकमेकांशी कसं वागायचं याचे नियम केले. यातलं काहीही बीडब्ल्यूए तपासू शकत नाही. डीएनएने शिक्कामोर्तब केल्याने ती जास्त खरी होणार नाही आणि न केल्याने कमी.

पण एक गोष्ट मी मित्राला आवर्जून सांगितली. पुढच्या वेळी "डीएनएने सिद्ध झालं" असं कोणी म्हटलं की तीन प्रश्न विचार. किती माणसांचा डीएनए? कोणाच्या नमुन्यावर बसवला? आणि सेटिंग काय होती? चांगला पेपर ही तिन्ही उत्तरं छापतो. सोळा हजार पाचशे हा आकडा मला कळला तोही अशाच छापलेल्या ओळीतून. आकडे उघड असले की गोंदियातला मुलगाही हार्वर्डशी वाद घालू शकतो. हिस्लॉपच्या परधानाला ती सोय नव्हती. त्याने गायलेली गाथा टेंपलच्या छापखान्यात गेली, फोर्सिथच्या पद्यात गेली, आणि वाटेत काय गळलं हे त्याला कोणी विचारलं नाही.

मित्र आता बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवतो. त्याने मागितलं म्हणून मी एक छोटी फाइल पाठवली आहे: पन्नास-पन्नास अक्षरांचे तुकडे, एक नमुना, आणि तेच काम दोन वेगवेगळ्या सेटिंगने. मुलांनी आधी कागद-पेन्सिलीने तुकडे जुळवायचे, मग नमुना बदलून पुन्हा. किती तुकडे बाद होतात ते मोजायचं. बाद झालेल्यांची यादी वेगळ्या वहीत लिहून ठेवायची, हा नियम त्याने स्वतःच घातला आहे.